दोन सरकारं आणि एकेचाळीस नाशपाती

माझ्या भाचीला सगळे मोजू म्हणतात. नाव मी ठेवलेलं. ती सहा वर्षांची असताना मी नाटकाच्या दौऱ्यावरून परतलो, गंमत म्हणून खोटी मिशी लावून दारात उभा राहिलो आणि सरदाराच्या आवाजात गरजलो, "कोण आहे रे तिकडे?" दुसरं एखादं पोर घाबरून आईच्या मागे लपलं असतं. ही आत गेली, दप्तरातली फूटपट्टी घेऊन आली, माझ्या ओठावर धरली आणि म्हणाली, "मामा, डावीकडची अर्धा सेंटीमीटर जास्त आहे."

होतीच. सत्तर प्रयोग झाले होते त्या मिशीचे. ना दिग्दर्शकाच्या लक्षात आलं, ना प्रेक्षकांच्या. त्या दिवसापासून ती मोजू.

पुढे ती खरोखरच मोजणीदार झाली, प्रांत सरकारच्या शेती कार्यालयात. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पन्नास मीटरची टेप, लाकडी खुंट्या, हातोडी आणि नकाशाची गुंडाळी. शेताशेतातून चालायचं आणि पेरणी कुठवर करायची, झाडं कुठे लावायची, ओढ्याच्या बाजूने किती जागा मोकळी सोडायची, ते मोजून खुंट्या ठोकून द्यायच्या. नऊ वर्षं ती हे काम करते आहे. उन्हाने रापली आहे, चपलांचे अंगठे महिन्याला तुटतात, आणि अजून कुणाच्या घरी गेली की दाराची चौकट डोळ्यांनी मोजते.

रंगभूमीवरून माझ्या गुडघ्यांनी आधी निवृत्ती घेतली, मग मी. तेव्हा नातेवाइकांमध्ये माझ्याबद्दल बरीच चर्चा झाली. म्हातारा कुणाकडे राहणार, किती दिवस, वगैरे. मोजू त्या चर्चेला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "मामा, मागची खोली बारा बाय नऊ आहे. पलंग सहा बाय तीन. तुम्ही पाच फूट चार. बसता. या." एवढं सुंदर आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नाही, आणि मी राजवाड्यांच्या पडद्यांसमोर हजारो आमंत्रणं स्वीकारली आहेत.

तेव्हापासून तिचा दुपारचा डबा मी नेतो. पाय मोकळे होतात आणि फुकटात नाटक बघायला मिळतं. तिचं कार्यालय म्हणजे नाट्यगृहच आहे.

इमारत दोन मजली. खाली प्रांत सरकारचं शेती कार्यालय, वर केंद्र सरकारचं पाणी आणि पर्यावरण कार्यालय. कारभाराची वाटणी अशी, की शेती प्रांताकडे आणि नद्या, ओढे, त्यांतलं पाणी केंद्राकडे. कागदावर ही वाटणी फार सुबक दिसते. अडचण एवढीच, की ओढा वाहतो तो शेतातूनच.

खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला सतरा पायऱ्या आहेत. पण खालून वर एखादं पत्र पाठवायचं असेल तर ते जिन्याने जात नाही. ते आधी प्रांताच्या मुख्यालयात जातं, तिथून केंद्राच्या मुख्यालयात, तिथे चार टेबलं फिरतं, मग केंद्राच्या विभागीय कार्यालयात उतरतं आणि तिथून टपालाने याच इमारतीत येऊन वर चढतं. याला म्हणतात योग्य मार्ग. योग्य मार्गाला अकरा आठवडे लागतात. उत्तराचे वेगळे.

वर बसणारे ओढे-निरीक्षक, आमच्या घरात त्यांचं नाव 'वरचे साहेब', पन्नाशीचे, उंच, किडकिडीत. खिशाला तीन पेनं. दोन लिहिणारी आणि एक न लिहिणारं. कुणी मागितलं तर द्यायला. ते आणि मोजू रोज साडेतीन वाजता जिन्याच्या मधल्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर चहाचे पेले ठेवून गप्पा मारत. त्यांच्या खांदेदुखीवर कोणता लेप चांगला हे तिला माहीत, तिला कोणत्या चपला टिकतात हे त्यांना माहीत. पण कागदोपत्री दोघांची ओळख नव्हती. सहा वर्षं.

एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्ही हिला कामाचं काही विचारत का नाही?"

साहेब दचकले. "मामा, विचारलं तर तो पत्रव्यवहार होतो."

आणि मग तो दिवस आला. मी डबा उघडून ठेवत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "मोजणीबाई कुठाय?" आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाने पैसे वसूल झाले म्हणावं. या होत्या बागवाल्या काकू. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. इंजिनाच्या वर आवाज चढवून चढवून तो तिथेच राहिला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओढ्याकाठच्या जमिनीत बाग केली. त्यांच्या एका हातात केंद्र सरकारची नोटीस होती आणि दुसऱ्या हातात प्रांत सरकारचं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये घातलेलं.

"हे वाच," त्यांनी फ्रेम मोजूसमोर आपटली. "'ओढ्यालगत एकेचाळीस नाशपातीची झाडं लावल्याबद्दल अभिनंदन.' कुणी दिलं? तुम्ही. आता हे वाच. 'ओढ्यालगतच्या मोकळ्या पट्ट्यात एकेचाळीस झाडांची बेकायदा लागवड आढळली. साठ दिवसांत काढावीत.' कुणी दिलं? तुम्ही."

"काकू, ते वरच्या मजल्याने दिलंय."

"अगं पण दार एकच आहे ना इमारतीला!"

"दार एक आहे, सरकारं दोन आहेत."

"बरं. मग झाडांनी कुणाचं ऐकायचं?" काकू खुर्चीवर बसल्या. आवाज खाली आला, म्हणजे आपल्यासारख्यांचा असतो तेवढा झाला. "आठ वर्षं झाली गं. बादलीने पाणी घातलंय मी एकेकाला. गेल्या वर्षी नमुन्यापुरती आली फळं. यंदा पहिल्यांदा फांद्या वाकल्यात. आणि हे म्हणतात काढा."

मोजूने नोटीस दोनदा वाचली. तारखेला आजपासून चोपन्न दिवस उरले होते. अकरा आठवडे म्हणजे सत्त्याहत्तर. हे गणित मलासुद्धा जमलं, आणि मी शाळेत गणिताच्या तासाला नक्कल करून पळ काढणारा माणूस.

साडेतीन वाजता जिन्यात मी मुद्दाम थांबलो.

"साहेब," मोजू म्हणाली, "नाशपातीचं प्रकरण—"

"कुठलं प्रकरण?" साहेबांनी चहात डोकं घातलं. "म्हणजे मला माहीत आहे. नोटीस मीच काढली. पण तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत नाही."

"ती झाडं आम्हीच लावायला सांगितली होती."

साहेबांचा पेला ओठापाशी थांबला. "तुम्ही? आमच्या फाईलमध्ये तसं काही नाही."

"आमच्या फाईलमध्ये आहे."

"तुमची फाईल आमच्याकडे कशी येणार?" ते हताशपणे म्हणाले. "योग्य मार्गाने मागवली तर फळं काय, पानंही गळून जातील."

"मग नोटीस मागे घ्या."

"मला काढता येते, मागे घेता येत नाही. मागे मुख्यालय घेतं." त्यांनी पेला कट्ट्यावर ठेवला. "बाई, मला काय झाडं उपटायची हौस आहे? पट्ट्यातून ओढ्यात औषध आणि खत उतरतं. खाली दोन गावं ते पाणी पितात. नियम उगाच नाही केलेला."

"तेही खरं आहे," मोजू म्हणाली. तिचा हाच तर त्रास आहे. भांडायला जाते आणि समोरच्याचं खरं असेल तर तिथल्या तिथे मान्य करते. मी तिला किती वेळा सांगितलं, निदान एक प्रवेश तरी खेच!

त्या संध्याकाळी तिने घरी जुना नकाशा आणला. जेवणाच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर दोन वाट्या, मिठाची बरणी आणि माझा चष्म्याचा डबा ठेवला. मग म्हणाली, "मामा, चूक माझी आहे."

दोन्ही सरकारांचा नियम खरं तर सारखाच होता. ओढ्यापासून पाच मीटर जागा मोकळी, पिकं आणि बागा त्याच्या पुढे. आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागून सहा महिने झालेली मोजू काकूंच्या जमिनीत टेप घेऊन उतरली. पुस्तकात लिहिलं होतं 'काठापासून मोजावे'. तिने काठ म्हणजे पाण्याची कड धरली, तिथून सहा मीटर मोजले, म्हणजे नियमापेक्षा एक जास्तच, आणि खुंट्या ठोकल्या. पण त्या पुस्तकात त्याच पानाच्या मागे एक आकृती होती. तिच्यात काठ म्हणजे उताराचा वरचा कडा दाखवला होता, जिथे सपाट जमीन सुरू होते. पाण्याच्या कडेपासून तो कडा तीन मीटर पुढे. म्हणजे झाडं खऱ्या काठापासून तीनच मीटरवर पडली. पट्ट्याच्या चांगली आत.

"मग आकृती तू बघितली नाहीस?"

"आमच्या ऑफिसात पुस्तकांच्या झेरॉक्स एकाच बाजूने काढतात. मला मिळालेल्या प्रतीत मागची पानंच नव्हती." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "प्रत्येक दुसरं पान नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पान अकरानंतर तेरा. मी मोजणीदार आहे, मामा! पानं मोजली नाहीत."

तिची वरिष्ठ मोजणीदार म्हणून बढती त्याच वर्षी व्हायची होती, आणि चुकीची नोंद सेवापुस्तकात गेली की ती बढती पुढच्या फेरीला जाणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी माझ्या व्यवसायातला अनुभव पुढे केला. "हे बघ, रंगमंचावर वाक्य विसरलं तर विसरलो असं प्रेक्षकांना सांगायचं नसतं. पुढचं घ्यायचं. कुणाला कळत नाही."

"प्रेक्षक घरी जातात, मामा. ती झाडं तिथेच उभी आहेत."

मी गप्प बसलो. समोरचा नट चांगला असेल तर गप्प बसणं हीसुद्धा कला आहे.

पुढचे चार दिवस ती रोज घरी येऊन एक जाडजूड करारनामा वाचत होती. दोन सरकारांनी शेती आणि पर्यावरण एकत्र मिळून कसं सांभाळायचं, याचा तो करार. सह्या झाल्या त्याला चौदा वर्षं झालेली. तो करार झाला तेव्हा वर्तमानपत्रात हस्तांदोलनाचा फोटो आला होता, आणि त्यानंतर पुस्तक थेट कपाटात. यावेळी तिने आधी पानं मोजली. सगळी होती. पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली. मी दाढी अर्धी ठेवून धावलो.

"ऐका. 'जमीनधारकाने दोन्ही सरकारांच्या अधिकाऱ्यांना लेखी बोलावल्यास दोघांनी मिळून जागेची पाहणी करावी व विहित नमुन्यात एकच टिपण लिहावे. मुख्यालयांचे उत्तर येईपर्यंत ते टिपण लागू राहील.'"

"मग हे आजवर कुणी केलं कसं नाही?"

"विहित नमुना कधी ठरलाच नाही. वर कुणाचं बोधचिन्ह डावीकडे छापायचं यावर एकमत झालं नाही, म्हणून नमुना छापला नाही. नमुना नाही म्हणून पाहणी नाही." तिने करारनाम्याची शेवटची पानं उलटली. "पण इथे लिहिलंय, 'नमुना उपलब्ध नसल्यास साध्या कागदावर.'"

दुसऱ्या दिवशी काकूंनी एकाच मजकुराची दोन पत्रं लिहिली. एक खाली दिलं, एक वर. आणि साहेबांना पहिल्यांदाच काम करायला जिना उतरावा लागला. ते मोजूच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि जरा लाजत म्हणाले, "नमस्कार. मी वरच्या कार्यालयातून आलोय."

"बसा," मोजू तितक्याच गंभीरपणे म्हणाली. "येताना त्रास नाही ना झाला?"

पाहणीच्या दिवशी मी सामान उचलायला म्हणून गेलो. साहेबांकडे जीप होती, पण केंद्राच्या जीपमध्ये प्रांताच्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय बसता येत नव्हतं. म्हणून मोजू आणि मी बसने निघालो. साहेबांना काकूंच्या बागेचा रस्ता माहीत नव्हता. तेव्हा ते बसच्या मागे. बस थांबली की जीप थांबायची, बस निघाली की जीप निघायची. अकरा थांबे झाले. मागच्या काचेतून साहेबांचा चेहरा दिसायचा, प्रत्येक थांब्यावर थोडा अधिक ओशाळलेला. एका बाईने मला विचारलं, "ते गृहस्थ आपला पाठलाग करतायत का?" मी म्हटलं, "नाही हो, सहकार्य करतायत."

काकूंची बाग मी पहिल्यांदाच पाहत होतो. खाली ओढा, गुडघाभर पाणी, त्याच्या वर गवताचा उतार आणि कड्यापासून थोडं आत एका ओळीत झाडं. फळांच्या भाराने फांद्या इतक्या वाकल्या होत्या की काकूंनी खाली बांबूचे टेकू दिले होते. मी आयुष्यात बऱ्याच बागा पाहिल्या, पण त्या कापडावर रंगवलेल्या. इथे पानं हलत होती.

"पाहा," काकू साहेबांना म्हणाल्या, "ही तुमची बेकायदा मंडळी."

साहेब पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग मोजणी सुरू झाली, आणि लगेच थांबली.

"टेप इथून," साहेब कड्यावर उभे राहून म्हणाले.

मोजू खाली पाण्याच्या कडेला उभी होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, इथून. तिने नुसतं म्हटलं असतं, तर वाद झाला असता, वादावर शेरा पडला असता, आणि शेऱ्यात तिची चूक बुडून गेली असती. मी टेपची पेटी छातीशी धरून उभा होतो. श्वास रोखायचा असतो तिथे रोखतोच मी, जुनी सवय.

ती वर चढून आली. "बरोबर. इथूनच. आठ वर्षांपूर्वी मी खालून मोजलं. आकृती असलेलं पान माझ्याकडे नव्हतं, आणि नाही हे मी पाहिलं नाही. खुंट्या चुकीच्या जागी मी ठोकल्या. काकूंचा यात काही दोष नाही. तसं टिपणात लिहूया."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे? झाडं चुकीचीच आहेत?"

"जागा चुकलीय, काकू. माझ्यामुळे."

काकू काही बोलणार होत्या, पण त्याआधी साहेबांनी घसा खाकरला. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "मग माझंही लिहा," ते म्हणाले. "नोटीस काढण्यापूर्वी जागेवर यायचं असतं. नियम आहे. मी आलो नव्हतो. विमानातून घेतलेल्या फोटोवरून काढली. शेतजमिनीवर यायचं तर प्रांताची परवानगी लागते, आणि ती यायला—"

"अकरा आठवडे," मोजू आणि मी एकदम म्हणालो.

"आलो असतो, तर हे टेकू दिसले असते," साहेब वाकलेल्या फांदीकडे बघत म्हणाले. "फोटोत टेकू दिसत नाहीत."

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायला दोन माणसं होती, एक डाव्या दोरीला, एक उजव्या. नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. पण पडदा कधी तिरका गेला नाही, कारण प्रयोग सुरू झाला की दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत. त्या क्षणी मला त्या दोघांची फार आठवण झाली. कुठे असतील, असतील तर सुखात असोत.

मग खरं काम सुरू झालं. फळांचं एक खोकं उलटं घातलं आणि त्यावर कागद पसरला. साहेब म्हणाले, पट्टा कशासाठी? औषध आणि खत पाण्यात जाऊ नये म्हणून. मोजू म्हणाली, मुळांनी उतार धरून ठेवलाय, पलीकडच्या काठासारखा तो ढासळला नाही. झाडं काढली तर माती ओढ्यात. साहेबांनी पलीकडचा काठ पाहिला, खाली जाऊन हाताने माती दाबून पाहिली, आणि बूट भिजवून परत आले. "काकू, या ओळीवर फवारणी करता?"

"वर्षातून तीनदा. नाही केली तर फळावर डाग पडतात."

"या ओळीवर बंद करायची. खतही नाही. झाडाखाली नुसतं गवत. चालेल?"

"डाग पडतील ना!"

"पडतील."

काकूंनी क्षणभर विचार केला. "पडू देत. नाशपाती खायची असते, तिच्यात तोंड बघायचं नसतं."

टिपण तयार झालं. एकच, दीड पानाचं. त्यात पहिल्या परिच्छेदात प्रांताची चूक, दुसऱ्यात केंद्राची, तिसऱ्यात झाडं अटींवर राहावीत अशी शिफारस, आणि चौथ्यात पुढे सगळीकडे वरच्या कड्यापासूनच मोजावं असं ठरलं. सह्यांची वेळ आली आणि दोघं थांबले. डावीकडे कोण?

साहेब म्हणाले, "तुम्ही करा."

मोजू म्हणाली, "नको, केंद्र वरचं."

साहेब म्हणाले, "शेत प्रांताचं."

"अहो, मला चहा टाकायचाय," काकू ओरडल्या. "दोन प्रती करा. एकीवर हिचं डावीकडे, एकीवर तुमचं. ज्याला जी आवडेल त्याला ती पाठवा. चौदा वर्षं एवढ्यासाठी अडलं होतं का?"

एवढ्यासाठीच अडलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मोजू जेवायची, पण मीठ कमी आहे का जास्त हे सांगायची नाही, यावरून मला कळायचं. टिपण लागू होतं ते उत्तर येईपर्यंतच. उत्तर 'नाही' आलं, तर झाडंही जाणार होती आणि तिची बढतीही. काकू एक दिवसाआड येऊन दारातूनच विचारायच्या, "आलं?" आणि मोजू मान हलवायची. साहेब जिन्यात म्हणायचे, "माझ्या मुख्यालयाने इतक्या लवकर कधी काही वाचलेलं नाही. काळजी करू नका, निदान सत्त्याहत्तर दिवस तरी झाडं उभी आहेत."

उत्तर नवव्या दिवशी आलं.

खालच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी मोजूला आत बोलावलं. मी डबा घेऊन दाराबाहेर उभा होतो आणि दार लाकडी फळ्यांचं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. प्रमुख हसत होते. त्यांना मी कधी हसताना ऐकलं नव्हतं. सुरुवातीला वाटलं, ठसका लागला.

"अहो, तुम्ही काय केलंत हे! मुख्यालय खूश आहे. केंद्राने चूक केल्याचं केंद्राने स्वतः लेखी कबूल केलं! नोकरीला लागल्यापासून असा कागद मी पाहिला नाही. दुसरा परिच्छेद मंत्र्यांनी स्वतः दोनदा वाचून घेतला म्हणे. ताबडतोब मंजुरी दिलीय, केंद्राचा विचार बदलायच्या आत."

मी जिन्याकडे धावलो, म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या मानाने धावलो. वरून साहेब खाली येत होते, हातात त्यांचं पत्र. "मामा!" ते धापा टाकत म्हणाले, "मंजूर! आमचं मुख्यालय इतकं आनंदात आहे! म्हणतात, प्रांताने आपली चूक चक्क पहिल्याच परिच्छेदात लिहून दिली!"

दोन्ही सरकारांनी तेच टिपण वाचलं होतं. प्रत्येकाने फक्त दुसऱ्याचा परिच्छेद वाचला होता. आणि दोघांनी मिळून तिसरा आणि चौथा मंजूर केला होता. मी जिन्याच्या कट्ट्यावर बसून इतका हसलो की आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई पाणी घेऊन आल्या.

मोजूला समजही मिळाली. 'यापुढे दक्षता घ्यावी', दोन ओळी, सेवापुस्तकात. वरिष्ठ मोजणीदार ती पुढच्या फेरीत होणार. मी संतापलो, हातवारे करून अन्यायावर भाषण ठोकलं. ती शांतपणे म्हणाली, "मामा, चूक झाली होती. दोन ओळींचीच होती." आणि मीठ कमी आहे म्हणाली. मला बरं वाटलं.

साहेबांनाही मिळाली समज. त्यांची तीन ओळींची. ते जरा मिरवतच दाखवत होते.

दोन्ही मुख्यालयांनी अजून एक गोष्ट एकत्र केली. त्या ओढ्यावरच्या उरलेल्या तीस शेतांची पाहणीही याच दोघांनी बरोबर करावी, असा हुकूम काढला. आणि त्यासाठी प्रांताच्या कर्मचाऱ्याला केंद्राच्या जीपमध्ये बसायची परवानगी, जोडपत्रासह, तीन सह्यांची.

ते पत्र घेऊन आम्ही तिघं जीपमधूनच काकूंकडे गेलो. काकू टेकूंखाली वाकून फळं तपासत होत्या. मोजूने कागद पुढे केला. "काकू, झाडं राहिली."

काकूंनी हात पदराला पुसले, पण कागद घेतला नाही. त्या पहिल्या झाडापाशी गेल्या, खोडावर थाप मारली, म्हणाल्या, "एक." मग दुसऱ्यावर. "दोन." आम्ही उभे. त्या ओळीच्या टोकाला पोचल्या तेव्हा लांबून त्यांचा आवाज आला, बस सुटायच्या वेळी यावा तसा खणखणीत: "एकेचाळीस! सगळी आहेत!" जणू आम्ही येताना एखादं खिशात घालून नेलं असतं.

परत आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण स्वर तोच. "बरं, अटी काय म्हणालात? झाडाखाली गवत?"

"हो," मोजू म्हणाली.

"मग ते वाढणार. ते कापायचं कधी?"

मोजूने तोंड उघडलं, साहेबांनीही उघडलं. ती म्हणाली, फुलोऱ्याआधी. ते म्हणाले, पाणी ओसरल्यावर. ती म्हणाली, शेती पुस्तिकेनुसार. ते म्हणाले, आमच्या परिपत्रकात तर—

"थांबा!" काकूंनी हात वर केला, आणि मी शपथेवर सांगतो, ओढासुद्धा थांबला असावा. "एकेकाने बोला. नाहीतर दोघं मिळून एकच बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग साहेबांनी पत्र उलगडून मोजूपुढे धरलं, दोघांची डोकी एकाच कागदावर वाकली, बोटं एका ओळीवरून सरकली.

"वर्षातून दोनदा," दोघं एकदम म्हणाले. "आणि कापलेलं ओढ्यात टाकायचं नाही."

"आता कळलं," काकू म्हणाल्या, आणि पिकलेलं पहिलं फळ तोडायला टेकूखाली शिरल्या.